लष्कराच्या भाकरी : आपल्या बोलण्यातले लढाईचे शब्द

सोनाळ्याहून आम्ही बोलतोय. दर महिन्याला आपण कर्ज, व्याज, शेळ्या, पापड-मसाले यांच्यावर बोलतो. आज जरा वेगळा विषय घेतलाय, पण तो आहे आपल्याच तोंडातला.

आपल्या गटाच्या कुठल्याही बैठकीत अर्धा तास बसा आणि नुसतं ऐका. ‘पाण्यासाठी ग्रामपंचायतीवर मोर्चा नेऊ.’ ‘स्टॉलची आघाडी तू सांभाळ वो माय.’ ‘औंदा सोयाबीनचं पार पानिपत झालं.’ ‘पोरांची पलटण घरी ठेवून आली का?’ ‘कंट्रोलात गहू आले का?’ आणि आमच्यासारखीला हमखास ऐकावं लागतं ते : ‘काहून लष्कराच्या भाकरी भाजत फिरतेस?’

यातला जवळपास प्रत्येक शब्द लढाईतून आलाय. आपल्यातल्या कुणी तलवार धरली नाही, तोफ डागली नाही. तरी हे शब्द आपल्या ओट्यावर, चुलीपाशी येऊन बसले. ते कुठून आले, त्यांच्या मागे काय घडलं होतं, आणि ते वापरताना आपण काय बोलून जातो, हे आज बघू.

आपल्या मुलखातून फौजा गेल्या

आपलं वऱ्हाड म्हणजे जुन्या काळी फौजांची वाट. उत्तरेकडून सातपुडा उतरला की खाली काळी जमीन, ज्वारी, कापूस आणि पाणी. लष्कराला जे लागतं ते सगळं इथं होतं. आपल्याच जिल्ह्यातल्या साखरखेर्डा इथं १७२४ साली मोठी लढाई झाली. निजामाने मुबारिझखानाला हरवलं, तेव्हापासून तो दिल्लीच्या बादशहाला जवळजवळ जुमानेनासाच झाला. फत्ते झाली म्हणून त्याने गावाचं नाव फत्तेखेर्डा ठेवलं होतं. निजामाच्या मुलखाला लोक मोगलाई म्हणत. आजही कुणी मनमानी केली की आपण विचारतो, ‘ही काय मोगलाई लागून गेली का?’

पुढे १८०३ साली इंग्रज आणि मराठे यांची लढाई जुंपली. २३ सप्टेंबरला आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या जालना भागात असईला लढाई झाली. मग २९ नोव्हेंबरला आपल्या शेजारच्या तेल्हारा तालुक्यात अडगावला. मग १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. याच माणसाने पुढे १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. ज्याच्या नावाने जगात पुस्तकं लिहिली गेली, तो आपल्या अडगावच्या शिवारात लढून गेला होता. नोव्हेंबरचा शेवट म्हणजे ज्वारी सोंगायचे, कापूस वेचायचे दिवस. ऐन सुगीत दोन फौजा गावात उतरल्या म्हणजे बाईमाणसाचं काय झालं असेल, ते कुठल्या पुस्तकात शोधायला नको, आपल्याला समजतं.

लष्कराच्या भाकरी

आता आपल्या आवडत्या, म्हणजे नावडत्या, बोलण्याकडे येऊ. ‘लष्कराच्या भाकरी भाजणे’ म्हणजे ज्यात आपला काही फायदा नाही, ज्याचे कुणी आभारही मानणार नाही, असं काम अंगावर घेणं. गावावरून फौज जाते. तिला जेवण हवं. पीठ कुणाचं, सरपण कुणाचं, हात कुणाचे? गावातल्या बायांचे. फौज खाऊन पुढे जाते. ती पुन्हा कधी येत नाही, आणि आलीच तर पुन्हा भाकरीच मागते.

म्हणीत ‘भाजणे’ हे क्रियापद आहे, पण भाजणारीचं नाव नाही. आम्हाला वाटतं, या म्हणीत खरी गोष्ट हीच आहे. लढाई कोण जिंकलं ते इतिहासात लिहिलं गेलं, भाकरी कुणी भाजल्या ते म्हणीत राहिलं, तेही टिंगल म्हणून.

आज गटाची सचिव बँकेत चार खेटे मारते, प्रेरिका वाडी-वस्तीवर पायी फिरते, कुणाचा फॉर्म भरते, कुणाला दवाखान्यात नेते. घरी आली की सासू नाहीतर नवरा म्हणतो, ‘घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या.’ तायांनो, लष्कर परकं होतं, निघून गेलं. गट आपला आहे, तो इथंच राहणार. म्हणून ही म्हण गटाच्या कामाला लागू पडत नाही. पण एक गोष्ट मात्र तिच्यातून शिकायची. ज्या कामाचा हिशोब ठेवला जात नाही, ते काम फुकटच धरलं जातं. सचिवाचं एसटीचं भाडं, बुडालेली रोजी, झेरॉक्सचे पैसे हे सगळं ठराव करून इतिवृत्तात लिहा. भाकरीचा हिशोब राहिला म्हणजे भाजणारीचं नाव राहील.

बाजारबुणगे कोण होते?

दुसरा शब्द ‘बाजारबुणगे’. आज आपण बिनकामाच्या, उगाच गर्दी करणाऱ्या माणसांना बाजारबुणगे म्हणतो. जुन्या काळी लष्करासोबत अख्खा बाजार चालायचा. वाणी, लोहार, चांभार, तंबू ठोकणारे, घोड्यांना वैरण आणणारे, पाणी भरणारे, स्वयंपाकी, आणि कितीतरी बाया, लेकरं. न लढणाऱ्या या सगळ्यांना बुणगे म्हणत. धान्य-मीठ वाहायला बंजाऱ्यांचे तांडे असत, हजारो बैलांवर गोण्या लादून ते फौजेला रसद पुरवत. रसद तुटली की मोठी फौजही गुडघ्यावर येई. ‘रसद तोडणे’ आपण आज सहज म्हणतो, त्यामागे हे आहे.

मग ज्यांच्या वाचून लष्कराचं पान हलत नव्हतं, त्यांचं नाव शिवी कशी झाली? पानिपतामुळे. १४ जानेवारी १७६१ रोजी अहमदशहा अब्दालीने पानिपतावर मराठ्यांचा पराभव केला. मराठ्यांच्या छावणीत लढणाऱ्यांपेक्षा न लढणारे जास्त होते, त्यात तीर्थयात्रेला निघालेली माणसं आणि बायका-मुलंही होती. रसद तुटली, उपासमार झाली. पराभवानंतर हजारो माणसं मारली गेली आणि बायका-मुलांना गुलाम करून नेलं. पुढे हरण्याचं खापर लोकांनी या बुणग्यांवरही फोडलं. लढाई लावणारे दुसरेच होते, पण दोष पाणी भरणाऱ्यांकडेही गेला. आपल्या घरात संसाराचं काही बिघडलं की बोट कुणाकडे जातं, ते वेगळं सांगायला नको.

पानिपताची बातमी दक्षिणेत कशी आली, तीही गोष्ट प्रसिद्ध आहे. एका सावकाराच्या पत्रातून ती कळली, आणि पत्र होतं हिशोबाच्या भाषेत : दोन मोती गेले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची मोजदाद नाही. मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे मोठे सरदार. आणि खुर्दा म्हणजे सुटे पैसे, बाकीची सगळी माणसं. आपण गटात रुपया-रुपया मोजून वहीत लिहितो. खुर्दा मोजायची सवय किती मोलाची असते, ते या पत्रावरून कळतं.

पानिपताने आपल्या भाषेला आणखी दोन गोष्टी दिल्या. ‘पानिपत होणे’ म्हणजे पार धूळधाण होणे. आणि कुणी ‘विश्वास ठेवा’ म्हटलं की जुनी माणसं हसून म्हणतात, ‘विश्वास तर पानिपतात गेला.’ नानासाहेब पेशव्यांचा कोवळा मुलगा विश्वासराव तिथं गोळी लागून पडला, त्यावरून हा शब्दांचा खेळ. आपल्या गटाला मात्र हा विनोद परवडत नाही, कारण विश्वास गेला तर गटात उरतं काय?

तोतया अजून फिरतोय

सदाशिवरावभाऊंचं प्रेत नीट ओळखलं गेलं की नाही, याबद्दल लोकांच्या मनात शंका राहिली. त्यांची पत्नी पार्वतीबाई पानिपतावरून जिवंत परत आली. नवरा गेला हे तिने कधी मान्य केलं नाही, ती सवाष्णीसारखीच राहिली. याचा फायदा घेऊन एक माणूस ‘मीच भाऊसाहेब’ म्हणून उभा राहिला. पुष्कळ माणसं त्याच्या मागे गेली, किल्लेही त्याच्या हातात गेले. शेवटी १७७६ साली त्याला पकडून देहदंड दिला. त्याला सगळे ‘तोतया’ म्हणत, आणि हे प्रकरण ‘तोतयाचं बंड’ म्हणून ओळखलं जातं.

तोतया आजही आहे, आता तो फोनवर येतो. ‘मी बँकेतून बोलतो, तुमचं खातं बंद होणार, ओटीपी सांगा.’ त्या काळच्या तोतयाने लोकांच्या आशेचा फायदा घेतला, आताचा भीतीचा घेतो. ओटीपी बँक कधीच विचारत नाही. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या नंबरावर फोन करून तक्रार द्या. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

शिलेदार की बारगीर?

मराठ्यांच्या घोडदळात दोन तऱ्हेचे स्वार असत. ज्याचा घोडा आणि हत्यार स्वतःचं, तो शिलेदार. ज्याला घोडा सरकारने दिला, तो बारगीर. शिलेदाराला पगार जास्त, मानही जास्त. सगळ्यांत पुढे चालणारी तुकडी म्हणजे बिनी, म्हणून ‘बिनीचा शिलेदार’. हा फरक आम्ही गटात फार वापरतो. शिलाई मशीन दुसऱ्याची, कापड दुसऱ्याचं, आपण नुसते हात चालवायचे, तोवर आपण बारगीर. गटाच्या कर्जातून मशीन आपली झाली की शिलेदार.

पण ‘बारगीर’ हा शब्द दुसऱ्या मुलखात कसा ऐकू जातो, तेही सांगायला हवं. १७४२ पासून दहा-एक वर्षं नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चाल करून जात होत्या. गावं लुटली, पिकं जाळली. त्यांच्या भीतीने इंग्रजांनी कलकत्त्याभोवती खंदक खणला, त्याचं नावच मराठा खंदक पडलं. बंगाली लोक त्या स्वारांना ‘बर्गी’ म्हणत, म्हणजे आपला बारगीरच. लेकरू झोपत नसलं की बंगालमधल्या आया अंगाईत बर्गी आल्याचं सांगतात, ती अंगाई अजून म्हटली जाते. आपल्याकडे ज्या शब्दाने छाती फुगते, त्याच शब्दाने दुसरीकडे आई लेकराला पदराखाली घेते. लढाईच्या शब्दाला नेहमी दोन घरं असतात.

‘गनिमी कावा’ पण तसाच. गनीम म्हणजे शत्रू. मोगल लोक मराठ्यांना गनीम म्हणत. शत्रूने आपल्याला दिलेलं नाव आपण उचललं आणि त्याचा अभिमान केला.

मोर्चा, पलटण, खोगीरभरती

आता काही शब्द भरभर घेऊ. ‘मोर्चा’ म्हणजे किल्ल्याला वेढा घालताना तोफांसाठी किंवा सैनिकांसाठी बांधलेली आडोशाची जागा. त्यावरून ‘मोर्चेबांधणी’. पुढे लोक सरकारविरुद्ध रस्त्यावर आले आणि मोर्चा चालायला लागला. १९७२ च्या सुमारास मुंबईत महागाईविरुद्ध बाया रस्त्यावर उतरल्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर अशा बाया पुढे होत्या. हातात हत्यार काय, तर लाटणं. तो लाटणं मोर्चा म्हणून प्रसिद्ध झाला. तोफांचा शब्द बायांनी स्वयंपाकघरात आणला आणि तिथून मंत्रालयावर नेला.

‘मोहीम’ मुळात महत्त्वाचं काम. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा मोहिमेवर निघत, कारण पावसाळा संपलेला आणि नद्या उतरलेल्या. आज लसीकरणाची मोहीम असते, स्वच्छतेची असते. ‘पलटण’ इंग्रजांच्या फौजेतून आली, तो त्यांचा ‘प्लॅटून’. ‘रंगरूट’ म्हणजे त्यांचा ‘रिक्रूट’. ‘गारदी’ हा ‘गार्ड’. पुण्यात १७७३ साली नारायणराव पेशव्यांना गारद्यांनी मारलं. पत्रात ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं गेलं, अशी गोष्ट सांगतात, त्यावरून ‘ध चा मा करणे’. एका अक्षराने माणूस जातो. म्हणून अंगठा किंवा सही देण्याआधी कागद वाचून घ्या, येत नसेल तर दुसरीकडून वाचवून घ्या.

‘खोगीर’ म्हणजे घोड्याच्या पाठीवरचं जीन. ते फुगवायला आत चिंध्या-चोथा काहीही भरत, ती खोगीरभरती. नुसती दहा नावं पुरी करायला गटात कधीच न येणाऱ्या बाया लिहिल्या, तर तीही खोगीरभरतीच. खोगीर फुगलेलं दिसतं, पण बसलं की दबतं.

आणि ‘तहात हरणे’. मराठे लढाईत जिंकतात, तहात हरतात, असं म्हणतात. १८०३ साली तर आपण लढाईतही हरलो आणि तहातही. १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला, त्यात भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड सोडलं आणि ते निजामाकडे गेलं. नरनाळा आणि गाविलगड तेवढे भोसल्यांकडे राहिले. आपल्या आजे-पणज्यांचं सरकार एका कागदावर बदललं, त्यांना कुणी विचारलं नाही. आपणही वर्षभर राबतो आणि भाव ठरवायच्या पाच मिनिटांत हरतो. म्हणून व्यापाऱ्याशी बोलायला एकटीने जाऊ नका, तिघी जा. वजन, भाव, पैसे कधी मिळणार, हे कागदावर घ्या.

कंट्रोलचं दुकान

आपल्याकडे रेशन दुकानाला सगळे ‘कंट्रोल’ म्हणतात. का, हे नव्या सुनांना ठाऊक नसतं. १९३९ ते १९४५ दुसरं महायुद्ध चाललं. १९४२ साली ब्रह्मदेश जपानने घेतला, तिकडून येणारा तांदूळ आणि रॉकेल बंद झालं. धान्य, साखर, कापड, रॉकेल सगळ्यावर सरकारने नियंत्रण आणलं, म्हणजे कंट्रोल. मुंबईत १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झालं. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळ पडून लाखो माणसं भुकेने मेली. ‘काळा बाजार’ हा शब्दही त्याच काळात घरोघरी पोचला. ‘रेशन’ तर मूळ शिपायाचाच शब्द, त्याला रोज मोजून मिळणारा शिधा.

युद्ध संपलं, कंट्रोल हा शब्द राहिला. पण त्याचा अर्थ आता बदललाय. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने धान्य हा हक्क झाला. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदय कार्डाला ३५ किलो. आणि कार्डावर कुटुंबप्रमुख कोण? घरातली १८ वर्षांवरची सगळ्यांत मोठी बाई. ज्या भाकरी भाजणारीचं नाव म्हणीत नव्हतं, तिचं नाव या कार्डावर पहिलं आहे. आपलं कार्ड काढून बघा, नाव बरोबर आहे का ते.

बोलताना एवढं सांभाळू

एक बोलणं मात्र आपण सोडून द्यावं असं आम्हाला वाटतं. ‘हातात बांगड्या भरल्या आहेत का?’ भित्र्या माणसाला हे म्हणतात. आपला जिल्हा जिजाऊंचा. सिंदखेडराजा आपलंच. ताराराणींनी १७०० पासून सात वर्षं औरंगजेबाशी लढाई चालवली. २०२५ मध्ये खडकवासल्याच्या एनडीएतून मुलींची पहिली तुकडी शिकून बाहेर पडली. बांगडीत भित्रेपण कुठलं? ही शिवी पुरुषाला देतात, लागते मात्र बाईला. निदान आपण बायांनी ती देऊ नये.

आणि लढाईचे शब्द हलक्या हाताने वापरू नयेत. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामाच्या हल्ल्यात आपल्या जिल्ह्यातले दोन जवान गेले, एक मलकापूरचे, एक लोणार तालुक्यातले. ज्या घरातून माणूस सीमेवर गेलाय, त्या घरात ‘शहीद’ हा शब्द कसा ऐकू येतो, याचा विचार करून टीव्हीपुढे बसून ‘होऊन जाऊ द्या युद्ध’ म्हणावं. युद्ध झालं की भाकरी भाजायला आणि नंतर घर चालवायला कोण उरतं, हे आपली भाषाच सांगते.

तायांनो, पुढच्या बैठकीत एक करा. गटातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजीला विचारा, तुमच्या लहानपणी असा कुठला शब्द होता, जो आता ऐकू येत नाही. कंट्रोलचा, मोगलाईचा, फौजेचा, कुठलाही. इतिवृत्ताच्या वहीच्या शेवटच्या पानावर तो लिहून ठेवा, आजीच्या नावासकट. आमच्याकडे पाठवला तर आम्ही या कार्यक्रमात तो सांगू.

पुढच्या महिन्यात उन्हाळ्यातल्या शेळ्यांच्या आजारांवर बोलू. तोवर नमस्कार.